सुमतीचा शेवट

मित्रांनो, मी बायकांच्या एका मासिकाचा जुना अंक आहे. जुना खुशाल म्हणा, पण वापरलेला म्हणू नका. सत्तर वर्षांत मला कुणी पूर्ण वाचलंच नव्हतं, आणि तेच माझं दुखणं होतं.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. जुळाऱ्यांनी शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून माझा मजकूर जुळवला. मुखपृष्ठावर अंबाड्यात गजरा माळलेली बाई, आत विणकामाचे नमुने, आंबोळ्यांची कृती, बाळाची काळजी आणि एका चालू कथेचा शेवटचा भाग. कटाईवाल्याला त्या दिवशी काय घाई होती, देव जाणे. माझी शेवटची घडी कापायची राहिली आणि कथेची अखेरची दोन पानं आतच मिटून राहिली. कुणी विकत घेतलं असतं तर सुरीने उघडलीही असती, पण आमचा गठ्ठाच खपला नाही. माझी भावंडं पुड्या बांधायला गेली. मी फिरत फिरत उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या रद्दीच्या दुकानात माळ्यावर येऊन पडलो.

तिथे मला नेत्रा भेटली. ती अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहते आणि जुनी स्त्री-मासिकं जमवायचं तिला भारी वेड.

"दीदी, एकदम कोरा माल! पन्ने भी नहीं कटे," दुकानदार म्हणाला.

न कापलेला अंक म्हणजे जमवणाऱ्यांच्या लेखी सोनं. नेत्राने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. आल्यागेल्याला ती मला कौतुकाने दाखवायची, हात मात्र लावू द्यायची नाही. पण मित्रांनो, नुसत्या कौतुकाने कुणाचं पोट भरतं का?

एका दुपारी ती सासूबाईंना, म्हणजे कमळाबाईंना, माझी अनुक्रमणिका वाचून दाखवत होती. "आणि ही चालू कथा, 'सुमती', शेवटचा भाग."

वाल सोलता सोलता कमळाबाई थांबल्या. "सुमती? ती विधवा पोर, नर्स व्हाया निंगालेली? तीच काय गो?"

त्यांच्या लहानपणी बदलापुरात शेजारी शाळेतल्या मास्तरांच्या पत्नी, मास्तरीणबाई, राहायच्या. चिंचा फोडायला बसलेल्या बायकांना त्या दर महिन्याला ही कथा वाचून दाखवायच्या. सुमती पिशवी घेऊन निघाली आहे आणि दीर दार अडवून उभा आहे, इथपर्यंत गोष्ट आली आणि मास्तरांची बदली झाली. पुढचा भाग कमळाबाईंच्या कानी कधी पडलाच नाही. आता तर त्यांना डोळ्यांनी अक्षर दिसत नाही.

"मना त्येचा शेवट आयकायचा हाय," त्या म्हणाल्या.

"आई, पण पानं कापावी लागतील. मग तो कोरा राहणार नाही."

"मंग नको गो. तुजा नुकसान नको." त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा वाल हातात घेतले.

नेत्रा मला उलटसुलट करत बसली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं काप की बाई! अखेर ती उठली आणि स्वयंपाकघरातून पातळ पात्याची सुरी घेऊन आली. घडी उघडली तेव्हा माझ्या त्या पानांना पहिल्यांदा वारा लागला.

नेत्राने वाचलं. दिराचे शब्द ऐकून सुमतीचं मन पालटतं. ती पिशवी खाली ठेवते, त्याची क्षमा मागते आणि घराचं नंदनवन करते. समाप्त.

कमळाबाईंनी हातातले वाल खाली ठेवले. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावतील.

"ह्यॅ! असा कंदी असतं काय?" त्या कडाडल्या. "ती गेली. मी माज्या पोरींना तसाच सांगलंय."

"गेली? आणि दीर?"

"त्याला बाजूला सारला नि गेली. बस हितं, सांगते तुला."

सत्तर वर्षं वाट पाहिली, आणि वाचल्याबरोबर माझी चूक काढली गेली! पण खरं सांगू? इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असतील. त्यांना वाळवीपासून जपा, त्यांच्यावरची धूळ झटका, पण कडीकुलपात ठेवू नका. आम्हाला उघडा, वाचा, आणि नाही पटलो तर चांगलं कडकडून भांडा.