साखरेतली मुंगी

कविराजांची ती एक कविता बाईंच्या संसारात बेचाळीस वर्षं सवतीसारखी नांदली. होती सगळी पाच ओळींची:

भिंत.
भिंतीत भिंत.
भिंतीत भिंतीत मी.
आणि माझ्यात
एक खिळा.

या पाच ओळींवर तीन जाडजूड पुस्तकं निघाली. खिळा म्हणजे नेमकं काय, यावरून दोन प्राध्यापकांचं बोलणं कायमचं बंद झालं. बाईंना मात्र तो खिळा चांगला ठाऊक होता. कॅलेंडर लावायला त्यांनीच ठोकला होता. वाकडा गेला, म्हणून नवरा दोन दिवस त्याच्याकडे बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी अजरामर झाला.

बाई शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या. कवितेचं कौतुक फारच उतू गेलं, की भांडी घासता घासता त्या तिची टर उडवायच्या:

डबा.
डब्यात डबा.
डब्यात डब्यात साखर.
आणि साखरेत
एक मुंगी.

अशी वीसेक विडंबनं झाली होती. वर्गातली पोरं ती ऐकून हसून हसून बाकावर लोळायची. "बाहेर कुणाला सांगायचं नाही हं," बाई दटावायच्या. कविराजांच्या कानावर गेलं असतं, तर बिचारा माणूस मनातून खचला असता. तो स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत लिहीत बसलेला असे. पण लिहायला बसला की त्याला घर पडलं तरी कळत नाही, अशी बाईंची खात्री होती.

मग कविराजांना झटका आला. तीन महिन्यांत उजवा हात हलू लागला, काठी घेऊन चालताही येऊ लागलं, पण वाचा परतली नाही. कळत सगळं होतं. शब्द ओठांशी येऊन अडत होते.

बोलायला शिकवणारी एक तरुण ताई आठवड्यातून दोनदा यायची. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते: पेला, कुलूप, छत्री. कविराज एकेक पत्ता डाव्या हातानं उचलायचे आणि पालथा घालायचे. त्यात चाहत्यांची रीघ. समोर बसून ते भक्तिभावानं 'भिंत' म्हणायचे आणि शेवटच्या शब्दापाशी थांबायचे. "म्हणा ना सर... एक...?" ज्याला त्याला पाठ असलेला तो शब्द एकट्या सरांना जमत नव्हता. सर तोंड फिरवून घ्यायचे.

एके दिवशी ताई दारात घुटमळली. "आजी, आजोबा मनावरच घेत नाहीयेत. अजून दोनदा येऊन बघते, मग ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. आणि एकदा का गप्प राहायची सवय लागली..." पुढचं तिनं बोलून दाखवलं नाही.

पहिलीतलं एखादं मूल महिनोन्महिने तोंड उघडत नसे. त्याच्यासाठी बाई मुद्दाम चुकायच्या. फळ्यावर पाच पायांची गाय काढायची आणि साळसूदपणे उभं राहायचं. "बाई, चुकलं!" असं ओरडल्याशिवाय मुलाला राहवत नसे. त्या दुपारी बाईंनी छत्रीचा पत्ता धरला. "अहो, हे बघा, हे कुलूप."

कविराजांनी डोळे मिटले.

"बरं, नका बोलू," म्हणत बाई उठल्या. डोळे भरून आले होते. ते दिसू नयेत म्हणून त्या पाठ करून फळीवरचे डबे पुसायला लागल्या. हात चालू लागले तशी जीभही आपोआप चालू झाली. "डबा. डब्यात डबा. डब्यात डब्यात साखर. आणि साखरेत एक... माशी."

मागे काठी जमिनीवर आपटली.

बाई वळल्या. कविराज खुर्चीत पुढे सरकले होते, कपाळाला आठ्या, जणू कुणीतरी त्यांच्या देखत कविता बिघडवली होती. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"मुं..." घाम फुटला. "मुं... गी."

फडकं बाईंच्या हातातून गळून पडलं. "अगं बाई! तुम्हाला माहीत होतं?"

पुढच्या खेपेला ताईनं पत्ते पिशवीतून काढलेच नाहीत. बाई एकेक विडंबन म्हणायच्या, शेवटचा शब्द गाळायच्या आणि कविराज तो भरायचे. पंधरा दिवसांत ते चक्क नावं ठेवायला लागले. आठवं विडंबन ऐकून म्हणाले, "लं... लंगडं!"

"आजोबा, आजी रडेल हं," ताई म्हणाली.

"रडतेय कसली! स्वतःचं काय मोठं धड चालत होतं?" बाई म्हणाल्या आणि ओळ दुरुस्त करायला बसल्या.

पण एक गोष्ट त्यांना आत कुठेतरी खात होती. ताई गेल्यावर त्यांनी खुर्ची कविराजांजवळ ओढली.

"अहो, सगळं ऐकत होतात ना? इतकी वर्षं? मग वाईट नाही वाटलं?"

कविराजांनी मान हलवली. नाही.

"मग एकदा तरी बोलायचं होतंत. मी आपली जीव मुठीत धरून लपवत बसले. का नाही बोललात?"

कविराज शब्द शोधू लागले. एक सापडला, निसटला. बाईंच्या तोंडाशी चार शब्द आले होते, पण त्यांनी एकही दिला नाही. पहिलीच्या मुलासमोर थांबावं तशा त्या हात मांडीवर ठेवून थांबल्या.

"थां..." कविराज म्हणाले. दम घेतला. "थांबली... असतीस."