वादळाआधीचे निरोप

आमच्या घरात दोन सुतार आणि एक टपालखातं. सुतार म्हणजे आमचे हे आणि आमचा मुलगा. टपालखातं मी.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे ह्यांनी बसवलेलं कपाटाचं दार घासत होतं. मुलानं चारचौघांत रंधा काढला आणि दार तासून दिलं. दार नीट लागायला लागलं, पण बाप-लेकाचं बोलणं बंद झालं. मुलानं पुलापलीकडे, बंदराजवळ पत्र्याची खोली घेतली. तेव्हापासून एक म्हणतो "त्याला सांग" आणि दुसरा म्हणतो "त्यांना सांग". माझ्या तोंडाला विश्रांती म्हणून नाही.

आणि निरोप जसाच्या तसा पोचवायला मला काय वेड लागलंय? हे म्हणायचे, "त्याला सांग, माझी पटाशी परत कर." मी मुलाला सांगायची, "बाबा विचारत होते, काम मिळतंय ना?" तो म्हणायचा, "त्यांना सांग, बोथट होती, टाकून दिली." मी ह्यांना सांगायची, "धार लावून आणून देतो म्हणाला." लोक तिखटमीठ लावतात, मी साखर घालायची. त्यात कुणाचं काय गेलं?

चक्रीवादळ संध्याकाळी किनाऱ्यावर येणार, असं रेडिओवर सकाळपासून चाललं होतं. हे खिडक्यांवर प्लायवूड ठोकायला लागले. मी मुलाला फोन लावला.

"मी ठीक आहे," तो म्हणाला. "त्यांना सांग, माझी चिंता नको. स्वतःचं बघा म्हणावं."

मी बाहेर गेले. हे शिडीवर, ओठांत खिळे.

"अहो, पोराचा फोन होता. एकटाच आहे तिकडे. आवाज जरा घाबरल्यासारखा वाटला."

"मग मी काय करू?" खिळे न काढताच हे म्हणाले. "सांग त्याला, माझे हात अजून शाबूत आहेत. मला कुणाची गरज नाही."

मी आत येऊन पुन्हा फोन लावला. "बाबांना शिडी झेपत नाही रे आता. तुझी आठवण काढत होते."

त्यानं फोन ठेवला. दोघांपैकी कुणी माझं मनावर घेईल असं मला वाटलंच नाही. एरवी कधी घेतात?

मग मी घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवली. मधेच कधीतरी ठोकाठोकी थांबली होती. जेवायला हाक मारायला गेले तर शिडी भिंतीला टेकलेली आणि हे गायब. हत्यारांची पिशवी नाही. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसाठी कापलेला तक्ताही नाही. म्हटलं, खिळे संपले असतील. खिळे आणायला कुणी तक्ता घेऊन जातं का, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दार वाजलं. बाहेर मुलगा उभा, खांद्याला ड्रिल मशीन, अंगावर एक धागा कोरडा नाही.

"कुठं आहेत? आधी त्यांना शिडीवरून उतरव."

"अरे, ते तर बाहेर गेलेत. तक्ता घेऊन."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मघाशी पुलावर समोरून एक टेम्पो गेला. मागं पावसात कुणीतरी म्हातारा तक्ता धरून बसला होता. म्हटलं, काय वेडा माणूस आहे." मग हळूच म्हणाला, "आई, तू त्यांना काय सांगितलंस?"

सांगितलं.

"आणि मला जे सांगितलंस ते?"

तेही सांगितलं. त्यानं ड्रिल मशीन खाली ठेवलं. "माझी बस शेवटची होती. आमच्यामागं पोलिसांनी पूल बंद केला."

ह्यांचा मोबाईल टेबलावरच पडला होता. मुलानं आपल्या खोलीच्या मालकिणीला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वडील ना? छपरावर आहेत, पत्रे बांधताहेत. सगळ्यांना शाळेत न्यायला गाडी आलीय, पण हे उतरायला तयार नाहीत. मुलगा आल्याशिवाय हलणार नाही म्हणतात."

"त्यांना द्या फोन."

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ह्यांचा आवाज.

"कुठं उलथलास रे?"

"घरी आहे. आईजवळ."

"तिथं कशाला?"

"तुम्हाला शिडी झेपत नाही म्हणून."

"कोण म्हणालं?"

मी भिंतीकडे बघत राहिले.

"बाबा, उतरा. गाडीत बसा. खोली गेली तर जाऊ दे."

"पत्रे सैल ठेवलेत तू. असं काम करतात?"

"नाही करत. चुकलं माझं. तुम्ही आधी खाली उतरा."

"आईला सांग," हे म्हणाले, आणि पुढं काहीच आलं नाही. घरातले दिवेही गेले. मी मुलाला खेटून उभी होते. फोन मेला होता, वाराही ऐकू येत नव्हता. त्यानं मात्र तो कानावरून काढला नाही.

"हो," तो म्हणाला. "हो. बरं, सांगतो." मग फोन खिशात घातला.

"काय म्हणाले?"

"उतरले. गाडीत बसताहेत. काळजी करू नकोस म्हणाले. आणि वेळेवर जेवून घे म्हणाले."

उभ्या संसारात ह्यांनी मला कधी 'जेवलीस का' विचारलेलं नाही. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. पोरगा अंधारात माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बरं," मी म्हटलं. "मग बस, वाढते."