बॉनेटखालची फट

“शनिवारी सांगितलं, काल सांगितलं, आज परत सांगते. पण नाही, पंपच गेलाय म्हणे. बसा मग पंप बदलत.”

गाडीखालून आलेलं हे पुटपुटणं एकट्या यशोदाबाईंनी ऐकलं, कारण चहाचा ट्रे घेऊन त्या नेमक्या सुनेच्या पायांपाशी उभ्या होत्या. निशिगंधाचे पाय तेवढे गाडीबाहेर दिसत होते. पायात जाड तळाचे नवे बूट होते, सासऱ्यांनी पनवेलहून आणलेले. यशोदाबाईंनी सव्वीस वर्षं याच गॅरेजात स्लिपरवर काढली होती. एकदा अंगठ्यावर पाना पडून नख गेलं, तेव्हा नवऱ्याने हळद आणून दिली होती. बूट काही आणले नव्हते.

“चाय ठेवलाय गो,” त्या म्हणाल्या आणि ट्रे मुद्दाम लांबच्या स्टुलावर ठेवला.

नामदेव मिस्त्रींचं गॅरेज जासईत, रस्त्याला लागून, जिथं पूर्वी त्यांचं भाताचं खळं होतं तिथंच. समोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात. गॅरेज लहान, पण नाव मोठं, आणि ते नाव एकाच गोष्टीवर उभं. उलव्यापासून उरणपर्यंत लोक सांगायचे, मिस्त्री गाडी खोलत नाहीत, आधी ऐकतात. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायची, टोक इंजिनावर टेकवायचं, डोळे बारीक करायचे आणि मग सांगायचं, बेअरिंग, नाहीतर पट्टा, नाहीतर काही नाही, तुमच्या मनाचे खेल हाईत.

स्टेअरिंगचा आवाज शोधायचा तर माणसं दोन लागतात. एकाने आत बसून स्टेअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून ऐकायचं. सव्वीस वर्षं आत बसणारं माणूस म्हणजे यशोदाबाई. चुलीवर आधण असो की डोक्याला नुकतं पाणी लावलेलं असो, “यशोदे, बस जरा” अशी हाक आली की पदराला हात पुसत त्या ड्रायव्हरच्या सीटवर. गाडी चालवता त्यांना आजही येत नाही, पण या पट्ट्यातली निम्मी स्टेअरिंगं त्यांच्या हातून फिरलेली आहेत.

बॉनेट उघडलं की त्याच्या बुडाशी, काचेलगत, चार बोटांची फट राहते. आत बसलेल्याला त्या फटीतून बॉनेटखालच्या माणसाचे डोळे दिसतात. नामदेव आधी त्या फटीतून कधी बघायचे नाहीत. त्यांचं लक्ष इंजिनात. पण चार वर्षांपूर्वी बघायला लागले, अगदी एकटक. पन्नाशी ओलांडल्यावर नवऱ्याला हे काय सुचलं, असं यशोदाबाईंना वाटलं. महिनाभर तर स्टेअरिंगवर बसायच्या आधी त्यांनी केसांवरून कंगवासुद्धा फिरवला. मग एकदा एका जीपचा पंप शिट्टी मारायला लागला, यशोदाबाईंच्या भुवया आपोआप वर गेल्या, आणि त्याच क्षणी नामदेव म्हणाले, “हां, हितंच.”

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. नवरा चेहरा बघत नव्हता, त्यावरून आवाज ताडत होता.

बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचे बंद झाले होते. ट्रेलरचा हॉर्न ऐकू यायचा, इंजिनाची घरघर ऐकू यायची. शिट्टी, कुईकुई, कण्हणं यायचं नाही. यशोदाबाई यावर कुणाशी अक्षर बोलल्या नाहीत, त्यांच्याशीही नाही. आवाज असला की भुवया वर करायच्या, आवाज गेला की डोळे मिटून मान हलवायची. झालं काम. घरात टीव्हीचा आवाज चढत गेला, मुलगा तेजस जेवताना घसा ताणून बोलायला लागला, आणि सगळे असे वागत राहिले की जणू जगच हल्ली हळू बोलायला लागलंय.

नवरा प्रेमाने नाही, कामाने बघतो, हे कळल्यावर खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण प्रेमाने बघणारे नवरे यशोदाबाईंनी गावात पुष्कळ पाहिले होते. वर्षा-दोन वर्षांत थकतात. हा दिवसातून चार वेळा बघत होता.

मग तेजसचं लग्न झालं आणि निशिगंधा आली. कामोठ्याची पोरगी, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली, तीन वर्षं एका सर्व्हिस सेंटरात राबलेली. नामदेवांनी महिन्याभरात तिला गॅरेजात घेतलं. दोन खिशांचा निळा एप्रन आणला, बूट आणले, आल्यागेल्याला सांगायला लागले, “पोरीचा हात बघा, कसा साफ चालतोय.” यशोदाबाईंचा हात सव्वीस वर्षं कसा चालत होता, हे कुणी विचारलं नव्हतं. एका सकाळी त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मंग तिलाच बसवा स्टेरिंगवर. मना सैपाक करू दे.”

आणि नामदेव इतका सरळ माणूस, त्यांनी खरंच तिलाच बसवलं.

तेव्हापासून त्या घरात भात कधी करपला नाही आणि यशोदाबाईंना कधी गोड लागला नाही. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी गॅरेजाच्या तोंडावर. फोडणी देता देता दिसायचं, बॉनेट वर, नवरा वाकलेला आणि त्या फटीतून दुसऱ्याच बाईकडे बघणारा. दुसरी बाई म्हणजे आपलीच सून, हे माहीत असूनही मोहरी जरा जास्तच तडतडायची.

आज आलेली गाडी खारघरच्या वैशाली मॅडमची. कॉलेजात शिकवायच्या, आई उरणला, म्हणून दर शनिवारी जासईवरून जायच्या. तीन आठवड्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या होत्या: गाडी वळवली की मांजराचं पिल्लू कण्हल्यासारखा आवाज येतो. त्या दिवशी यशोदाबाई भाचीच्या हळदीला उलव्याला, म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी रिकामी. स्टेअरिंगवर नेहमीप्रमाणे निशिगंधा. आणि निशिगंधाचा चेहरा कामाच्या वेळी पाटीसारखा कोरा असतो. सर्व्हिस सेंटरात गिऱ्हाइकासमोर तोंड वाकडं करायचं नाही, हे तिला शिकवलेलं. नामदेवांनी पट्टा चाचपला, तो सैल झाला होता, तो बदलला. मग फटीतून सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काहीच नव्हतं. काहीच नाही म्हणजे आवाज गेला, असं त्यांनी धरलं आणि गाडी दिली. निशिगंधा काहीतरी म्हणत होती, पण तेवढ्यात ट्रेलर गेला.

शनिवारी मॅडम परत आल्या, कण्हणं तसंच घेऊन, आणि गाडी ठेवून गेल्या. ते कळलं तेव्हा यशोदाबाई पापलेट साफ करत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. इतकं की ते बरं वाटणं झाकायला त्यांनी शेजारी राजाबाईला निम्मी पापलेटं देऊन टाकली.

आता सोमवार सकाळ. वैशाली मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत, घड्याळाकडे बघत बसलेल्या. नामदेवांनी जाहीर केलं होतं, स्टेअरिंगचा पंप गेलाय, नवा टाकायला लागेल.

निशिगंधा गाडीखालून निघाली. एप्रनला हात पुसले, सासऱ्यांच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “बाबा, एक मिनिट. फक्त बघा.”

ती समोर उभी राहूनच का बोलते, हे यशोदाबाईंना त्या क्षणी कळलं. हिलाही माहीत आहे तर. बूट गेले, एप्रन गेला, स्टेअरिंगवरची जागा गेली, आता हे एक गुपित तेवढं आपलं म्हणून ठेवलं होतं.

निशिगंधाने इंजिन चालू केलं, दोनदा स्टेअरिंग फिरवलं, उतरली आणि स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढून दाखवलं. तांबड्या तेलाचा गुलाबी फेस झाला होता, घुसळलेल्या कोकम सरबतासारखा.

“आता इंजिन बंद करते. तेल कुठपर्यंत जातंय बघा.”

तिने किल्ली फिरवली. डबीतलं तेल हळूहळू वर चढलं, पार काठाला आलं.

“आत हवा आहे,” ती म्हणाली. “इंजिन चालू असताना दाबली जाते, बंद केलं की फुगते आणि तेल वर ढकलते. पंप चांगला आहे. डबीतून पंपाला जाणारा हा पाइप बघा, क्लॅम्पच्या खाली चिरलाय. पंप तेल ओढतो, त्याबरोबर चिरेतून हवा आत येते. तेल बाहेर गळत नाही, म्हणून खाली डाग नाही. हवेने पंप कण्हतोय.”

नामदेवांनी चष्मा पुसला, पाइप वाकवून बघितला. चीर केसाएवढी, पण होती. “आयला,” ते म्हणाले. “बघ यशोदे, पोरगी काय बोलतेय ती.”

यशोदाबाईंनी बघितलं. सुनेने नवऱ्याला आवाज डोळ्यांनी दाखवला होता, चेहरा न वापरता. डबीभर तेलाने काम भागलं.

“हुशार हाय,” त्या म्हणाल्या. “मना ठावं हाय. चाय गार झाला.”

पुढचा तासभर काम चाललं. जुना पाइप कापून नवा लावला, नवा क्लॅम्प आवळला, फेसाळलेलं तेल उपसून ताजं भरलं. गाडी पुढून जॅकवर चढवली, चाकं अधांतरी. आता इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन डबीत येते. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने डबीवर लक्ष ठेवायचं. निशिगंधाने डबीपाशी वाकत मागे बघितलं.

“आई, जरा बसता का स्टेअरिंगवर?”

पाहुणीला पाट द्यावा तसं विचारलं तिने. यशोदाबाईंना म्हणायचं होतं, गॅस चालू आहे. पण पाय आधीच निघाले होते.

सीट सुनेच्या मापाने पुढे ओढलेली. त्यांनी खालची दांडी दाबली आणि जोर करून मागे ढकलली. मग फिरवायला लागल्या, डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, सवयीने, हिसका न देता.

“आई, तुमचा हात किती एकसारखा आहे,” निशिगंधा डबीत बघत म्हणाली. मग आवाज खाली आणून, “मी बसले ना, की बाबा त्या फटीतून बघतात आणि लगेच मान वळवतात. मग तुमच्या खिडकीकडे बघतात. दर वेळेला. मी कितीही बरोबर सांगू दे.”

“खिडकीकडं कशाला?”

“ते मी तुम्हालाच विचारणार होते.”

खिडकीत आपण फोडणीकडे बघत असतो, निदान तसं दाखवत असतो, हे यशोदाबाईंना आठवलं. हात मात्र फिरत राहिला.

बुडबुडे थांबले. गाडी खाली उतरवली, तेल डबीच्या खुणेपर्यंत भरलं. निशिगंधा एका बाजूला सरली आणि नामदेव स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. शेवटचा निवाडा त्यांचाच, तशी रीत. मॅडमही खुर्चीतून उठल्या.

“चालू कर, यशोदे.”

इंजिन चालू झालं. त्यांनी स्टेअरिंग डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं. एकही कण्हणं नाही. लोण्यातून सुरी जावी तसं स्टेअरिंग फिरत होतं.

फटीत नामदेवांचे डोळे आले.

किती महिन्यांनी आले. यशोदाबाईंना एवढंच करायचं होतं: डोळे मिटायचे, मान हलवायची. पण त्या क्षणी त्यांना बूट आठवले, निळा एप्रन आठवला, ‘पोरीचा हात बघा’ आठवलं, सीट किती पुढे ओढलेली होती ते आठवलं. त्यांनी चेहरा पाटीसारखा कोरा केला आणि सरळ समोर बघत राहिल्या. ना भुवया, ना मान.

नामदेवांनी बोटाने खूण केली, परत फिरव. त्यांनी फिरवलं. चेहरा तसाच.

“मला तरी काही ऐकू येत नाहीये,” वैशाली मॅडम म्हणाल्या. “पण मागच्या वेळीही मला इथं तसंच वाटलं होतं आणि पुलावर गेल्यावर सुरू झालं. तुम्ही सांगा मिस्त्री. आवाज गेला का?”

नामदेवांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, काढला, परत लावला. सुनेकडे बघितलं. निशिगंधाच्या ओठांवर उत्तर होतं. पण तिने ते गिळलं आणि सासूकडे बघितलं, जणू म्हणत होती, हे माझं नाही, तुमचं आहे. नामदेवांची नजर पुन्हा फटीत आली. यशोदाबाईंनी हे डोळे रागाचे बघितले होते, हसरे बघितले होते, तापातले बघितले होते. घाबरलेले कधी बघितले नव्हते. अंधारात उतरताना जिन्याची पायरी पायाला सापडू नये, तसे ते डोळे चाचपडत होते.

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. डोळे मिटून त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा, चांगली ठळक.

डोळे उघडले तेव्हा फट रिकामी होती. नामदेव बॉनेटखालून निघाले होते. स्क्रूड्रायव्हर त्यांनी सुनेच्या एप्रनच्या खिशात ठेवला, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आले आणि मॅडमसमोर, निशिगंधासमोर, आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले,

“यशोदे, तोंडानं सांग. गेला काय गो आवाज? मना ऐकू येत नाय. चार वर्सं झाली.”