गार दिव्याचं माप

खोटं कशाला बोलू, वहिनीनं मीटर हातात घेतला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात हीटर, इस्त्र्या, मोटारी उघडण्यात माझी वीस वर्षं गेली. ती दादाशी लग्न करून आली त्याला वर्षही झालं नव्हतं. पण गणित कसं, तोंडावर! व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, दोन्ही गुणले की वॉट, कागद न घेता सांगणार. बाबांना आता मीटरचा काटा धड दिसत नाही. ते तिचे आकडे कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "शाब्बास!" मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. मीटर शेवटी कुणाच्या हवाली होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सोमवारी कोंबड्यांवाल्या बाई आल्या. पिल्लांना ऊब द्यायला त्यांनी जुन्या बाजारातून आठ दिवे उचलले होते. वरचे आकडे पुसलेले. "पंधरा अँपिअरच्या एका लाइनवर किती लावू?"

बाबा आत डोळ्यांत औषध घालून पडले होते. वहिनीनं दिवा टेबलावर ठेवला आणि न पेटवताच मीटरच्या तारा टेकवल्या. "अठरा ओहम. दोनशे तीस भागिले अठरा, जवळजवळ तेरा अँपिअर. म्हणजे तीन हजार वॉट. बाई, एकच लावा."

मी शेजारीच इस्त्री खोलत होते. गार दिव्याचा रोध अगदी कमी असतो, पेटून तापला की दहा-बारा पट वाढतो. बारा वर्षांची असताना मीही हीच चूक केली होती. बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझी अशी खरडपट्टी काढली की दोन दिवस मी दुकानात पाऊल टाकलं नाही. "दिवा पेटवून मोज, गाढवे!" मग आता हिलाही कळू दे की, म्हटलं. तोंड उघडलं नाही. बरं वाटलं उलट.

बुधवारी सकाळी बाईंनी काउंटरवर एक खोकं आणून उघडलं.

"तीन हजार वॉट म्हणालात, म्हणून एकाच दिव्यावर विसंबले. साठ पिल्लं होती. गारठून मेली सगळी."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा बाहेर आले. "मोजताना दिवा पेटवला होतास?"

"नाही, बाबा."

आता बरसणार, म्हणून मी वाट बघत होते. बाबांनी बाईंपुढे हात जोडले. "चूक माझी आहे. मी तिला हे शिकवलंच नाही. नवी पिल्लं मी आणून देतो."

असा संताप आला मला! माझ्या वेळी का नाही घेतली अंगावर?

मग ते माझ्याकडे वळले. "तू होतीस ना इथं?"

मी बोलायच्या आत वहिनीच म्हणाली, "वन्सं इस्त्रीत गुंतल्या होत्या, बाबा. त्यांनी बघितलं असतं तर मला थांबवलंच असतं."

"हो," मी म्हटलं. "लक्ष नव्हतं माझं."

बाबांनी मीटर उचलून माझ्या हातात दिला. "यापुढे तूच मोजायचंस."

बाईंनी परत आणलेला दिवा मी होल्डरला लावून पेटवला. दोनशे तीस व्होल्ट, एक पूर्णांक एक अँपिअर. "दोनशे नऊ ओहम," मी म्हणाले. "अडीचशे वॉट. आठही चालले असते."

"शाब्बास!" बाबा म्हणाले.

वहिनी डोळे पुसत आकडे वहीत उतरवून घेत होती. दिव्याची ऊब काउंटरवरच्या खोक्यापर्यंत पोचत होती. मी घाईघाईनं बटण बंद केलं.