गिरीशचं शून्य

भोपाळच्या आमच्या कंपनीत लीगलचं काम आम्ही तिघं बघतो. मी प्रमुख, हाताखाली समीर आणि गिरीश. यंदा वरून फर्मान आलं, प्रत्येक विभागाने एकाला ‘असमाधानकारक’ शेरा द्यायचाच, आणि ज्याला तो मिळेल त्याने घरी बसायचं. मोजमाप एकच: वर्षभरात निकाली काढलेले कोर्टातले दावे.

समीरचे एकोणीस. गिरीशचं शून्य.

आता हे शून्य आलं कुठून ते ऐका. कुणा ठेकेदाराची नोटीस आली की गिरीश स्कूटर काढतो, मिसरोदला नाहीतर मंडीदीपला जातो, त्या ठेकेदारासमोर बसून चहा पितो आणि भांडण तिथल्या तिथे मिटवून येतो. दावा दाखलच होत नाही. समीर नोटिशीला उत्तरच देत नाही. दावा होऊ देतो, मग तडजोड करतो आणि ‘निकाली’ म्हणून मिरवतो. आग स्वतःच लागू द्यायची आणि विझवल्याची शाबासकी घ्यायची! शिसारी येते मला या माणसाची.

हे सगळं मी आमचे संचालक सत्यजित यांना सांगितलं.

“जो दावा झालाच नाही, वो मैं कहाँ दिखाऊँ, मंजूषाजी?” मोबाइलवरची नजर न काढता ते म्हणाले. “एक नाव द्या. नाहीतर तुमचंच लिहितो.”

मी गिरीशचं नाव दिलं. राजीनामा वगैरे काही फेकला नाही.

कामावरून काढायचं प्रत्येक पत्र आमच्याकडूनच तपासून जातं. समीरकडे दिलं असतं तर त्यात चुका राहिल्या असत्या, आणि त्या माझ्या अंगाशी आल्या असत्या. म्हणून मी, होय मीच, गिरीशचं पत्र गिरीशच्याच टेबलावर नेऊन ठेवलं.

तासाभराने तो पत्र घेऊन आला. नोटिशीची मुदत एक महिना लिहिली होती, ती त्याने नेमणुकीच्या कराराप्रमाणे दोन केली होती. ‘निकृष्ट काम’ हे शब्द लाल पेनाने खोडले होते.

“हे राहिलं असतं ना ताई, तर मी पुरावा मागितला असता, आणि कंपनी हरली असती,” तो शांतपणे म्हणाला. “आता कोर्टात टिकेल. सही करा.”

स्वतःवर थुंकावंसं वाटलं. मी सही केली.