बिवळ्याचं पान

"हे शिसव," आरेवाला ठामपणे म्हणाला.

"हो का? मग मघाशी शिसव म्हणून काय दाखवलं होतं मी?" बायकोने दुसरी डहाळी त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने दोन्ही डहाळ्या आलटूनपालटून पाहिल्या. त्याला त्या सख्ख्या बहिणी वाटल्या.

"पानाच्या खाचेवर जाऊ नका, ती दोघांच्याही टोकाला असू शकते. शिसवाचं पान झाकणासारखं गोल. बिवळ्याचं लांबट. एवढं डोक्यात ठेवा."

"साल जरा खरवडू दिली ना, तर डोळे मिटून सांगेन."

"पोटासाठी झाडं मोजायला जाताय, सोलायला नाही!"

त्याची हयात सॉ-मिलच्या आऱ्यावर लाकूड चिरण्यात गेली होती. मिलमध्ये ओंडके यायचे ते बोडके, फांद्या छाटलेले. वासावरून, भुशाच्या रंगावरून तो लाकडाचं नाव सांगायचा. मिल बंद पडली आणि तो घरी बसला. नगरपालिकेला झाडांच्या मोजणीसाठी माणसं हवी होती, पण तिथे झाड पानावरून ओळखावं लागणार होतं. बायको रोपवाटिकेत कामाला, तिला पानं तोंडपाठ. म्हणून रोज जेवणं उरकली की शिकवणी सुरू व्हायची. आऱ्याच्या हादऱ्यांनी त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, पानाची लव कळायची नाही. "मग गालाला लावा," ती म्हणाली. त्याने लावलं, आणि सागाचा खरखरीतपणा त्याला कळला.

नगरपालिकेच्या परीक्षेच्या दिवशी टेबलामागे मोजणीचं काम पाहणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्याने सागाचं पान गालावर घासलं तेव्हा रांगेतले खुसखुसले. त्याने लक्ष दिलं नाही. साग ओळखला, ऐन ओळखला, खैर तर लांबूनच ओळखला. मग बाईंनी एक डहाळी पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"शिसव."

"चुकलं. बिवळा आहे."

तो उठायलाच लागला.

"बसा हो. मिलमध्ये बिवळा कसा ओळखायचात?"

"ओला असला तर लाल चीक गळतो, बाई. रक्तासारखा."

"इथे कापायचं नाही."

"माहीत आहे."

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "उद्यापासून या. महिनाभर बघू. दर झाडाला पान हातात घेतल्याशिवाय नाव सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी जुन्या रस्त्याच्या वळणावर बाई एका झाडाखाली थांबल्या. "हे?"

त्याने खाली वाकलेली डहाळी धरली. गोल नव्हतं. लांबट होतं. तरी त्याने घाई केली नाही, दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं.

"बिवळा."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी खोडावर आकडा रंगवला आणि त्या पुढे गेल्या. तो मात्र मान मागे टाकून वर पाहत राहिला. फांद्यांवर फांद्या, त्यावर पिवळी फुलं, आणि शेंडा काही दिसेना. त्याला हाका मारून बोलवावं लागलं.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. "मग? चुकलात कुठे?"

"नाही. बिवळा भेटला आज." त्याने मान मागे टाकली. "केवढा उंच असतो गं तो!"

"मग काय आडवा उगवतो?" ती हसली.

"मला आडवाच माहीत होता."

तिचं हसू थांबलं. तिने ताट त्याच्याकडे सरकवलं.