मागचं मोठं चक्र

आमच्या घरात चढावर सायकलवरून उतरणं हा गुन्हा आणि हलका गिअर लावणं हे महापाप. कायदा बाबांचा. तरुणपणी ते डोंगरातल्या शर्यती जिंकायचे. आता चढाच्या अगदी टोकाला राहतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात आणि खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींना नावं ठेवतात.

मी घरोघरी फिरून तपासणीसाठी रक्त काढणारी नर्स. दर आठवड्याला बाबांचंही मीच काढते. मी फिरते ती सायकल त्यांचीच, शर्यतीतली. ती वर न्यायची तर पेडलवर उभं राहून अख्खं अंग टाकावं लागतं. पोचेपर्यंत हात असे थरथरतात की सुई शिरेत जायची सोडून शेजारीपाजारी फिरून येते.

जरा दम खाऊन मग सुई धरावी, हे मलाही कळतं. मी काही खुळी नाही. पण टेकले की बाबा विचारतात, "दमलीस?" मी म्हणते, "छे! मी कशाला दमतेय?" आणि धरते सुई. त्यांचे दोन्ही हात कोपरापाशी जांभळे पडलेत. ते चकार शब्द काढत नाहीत. चढावरच्या बाकीच्या पेशंटांनी मात्र काढला. आमच्या मोठ्या नर्सबाईंनी बोलावून सांगितलं, आणखी एक तक्रार आली की चढावरची सगळी घरं दुसऱ्या नर्सकडे. म्हणजे बाबासुद्धा. त्या दुसरीला बाबा पहिल्याच दिवशी टोमणा मारणार, ती पुन्हा फिरकणार नाही आणि बाबांची तपासणी बोंबलणार. माझी झोप उडाली.

चढाच्या पायथ्याशी दादाचं सायकलचं दुकान आहे. त्याला म्हटलं, "मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र बसव, पेडल हलकं होईल. असेल त्यातलं सगळ्यात मोठं."

"बाबांच्या सायकलला? त्यांना कळलं तर दुकानात पाय ठेवणार नाहीत."

"वर्षभरात ते जिना तरी उतरलेत का?"

"तुझा जोर कमी पडतोय. खाणंपिणं वाढव."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ही बॅग घे, ही सायकल घे आणि जा बाबांच्या घराजवळच्या वळणापर्यंत. मी येते मागून. बॅगेत सुईदोरा आहे, तिथे ओवून दाखव. पुन्हा चक्राचं नाव काढणार नाही."

गेला शहाणा. मी पोचले तेव्हा कठड्यावर बसला होता, चेहरा टोमॅटोसारखा. दोरा तोंडात धरून ओला केला, एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला. सुई मात्र बरोब्बर बोटात गेली.

"उजेड कमी आहे," म्हणाला. ऊन डोक्यावर होतं.

मग बोटाकडे बघत त्यानं विचारलं, "बाबांनाही अशीच लागते?"

"हो."

तो उठला. सायकल हातात धरून खाली दुकानात घेऊन गेला.

नवं चक्र चांगलं थाळीएवढं. चेनही लांब घालावी लागली. आता सीटवर बसल्या बसल्या पाय गरागरा फिरवायचे आणि सायकल मुंगीच्या पावलांनी चालणार. एक कुत्रं चालत माझ्या पुढे गेलं. एका आजींनी विचारलं, "बंद पडली का गं?" पण धाप नाही, काही नाही.

बाबा खिडकीतच होते. "चक्र बदललंस."

"हो."

"त्या गाढवानं बसवून दिलं?"

"मी सांगितलं म्हणून."

झालं, तोंडाचा पट्टा सुरू. घराण्याचं नाक कापलं. ते स्वतः तापात असताना हाच चढ कसे चढले. मी त्यांची बाही वर केली, रबर बांधलं, शीर चाचपली. त्यांच्या दुसऱ्या शर्यतीची गोष्ट संपेपर्यंत नळी भरली होती. मी कापूस दाबून धरला.

"आता टोच काय टोचायचं ते," ते म्हणाले आणि मान फिरवून डोळे घट्ट मिटले. दर वेळी मिटत असणार, मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"झालं, बाबा."

त्यांनी डोळे उघडून हाताकडे पाहिलं.

"यापेक्षा मोठं मिळतं का, विचार त्याला."